किलोच्या भावातली हत्यारं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी पुण्याच्या जुन्या बाजारातून किलोच्या भावाने आणलेल्या एका जुन्या व्हाइसबद्दल, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्याबद्दल, लिहिलं होतं, घासूनपुसून तेल देऊन तो आता माझ्या बाकावर रोज कामाला आहे असं सांगितलं होतं, आणि त्यावर तुमचे इतके प्रश्न आले की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. माझी 34 वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं आणि साचे बनवतात त्या खात्यात, गेली. जे हाताने केलंय तेवढंच सांगतो.

प्रश्न: दादा, मी सातारा जिल्ह्यातला, सुतारकाम शिकतोय. नवीन चांगली हत्यारं परवडत नाहीत. आठवडी बाजारात गोणपाटावर गंजलेल्या हत्यारांचा ढीग असतो, त्यातलं चांगलं कुठलं कसं ओळखायचं? मला तर सगळं सारखंच दिसतं.

पहिलं म्हणजे लाल गंजाला घाबरायचं नाही. वरवरचा गंज दोन दिवसात निघतो, पण गंजाने खड्डे पाडले असतील तर ते कुठे पडलेत ते बघायचं. पटाशी उलटी करून तिची पाठ बघा, धारेपासून बोटभर अंतरात खड्डे असतील तर ठेवून द्या, कारण धार म्हणजे पुढची उतरण आणि पाठ जिथे मिळतात ती रेघ, आणि पाठीला खड्डा असला की ती रेघ तिथे तुटणारच, तुम्ही कितीही घासा. तेच खड्डे वर दांड्याजवळ असतील तर काही बिघडत नाही. पातं किती उरलंय तेही बघा, काही पटाश्या घासून घासून निम्म्या झालेल्या असतात.

खिशात एक छोटी नवीन तिकोनी कानस ठेवायची. विकणाऱ्याला विचारून धारेजवळ कडेला हलकेच फिरवायची. कानस घसरली किंवा जेमतेम लागली तर पोलादाला पाणी चांगलं दिलेलं आहे, म्हणजे तापवून थंड करून ते कडक केलेलं आहे. लोण्यात गेल्यासारखी गेली तर एक तर ते साधं लोखंड आहे, नाहीतर आधीच्या मालकाने ग्राइंडरवर धरून धरून त्याचं पाणी उतरवलंय. धारेजवळ निळा रंग दिसला तरी तेच समजा, साधं कार्बनचं पोलाद 300 अंशाच्या आसपास निळं पडतं आणि तिथे पटाशीला लागणारा कडकपणा राहत नाही. अशा वेळी निळा भाग पूर्ण घासून मागे जायला लागतं, तेवढी लांबी उरलेली असेल तर घ्या.

करवत हातात घेऊन वाकवा आणि सोडा, सरळ होते का बघा, ज्या करवतीला कायमचा बाक बसलाय ती नवशिक्याने घेऊ नये. लाकडी रंधा असेल तर तळ डोळ्यासमोर धरून पिळलाय का बघा आणि तोंड, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं ती फट, किती रुंद झालंय ते बघा, पण रंध्याचं पातं जाड आणि लांब उरलेलं असेल तर नुसत्या पात्यासाठीसुद्धा घ्या, ठोकळा शिसमचा नवीन बनवता येतो आणि तो बनवताना तुम्ही जे शिकाल ते कुठल्या क्लासमध्ये मिळणार नाही. लोखंडी रंध्याला तोंडाजवळ तडा असतो, तिथे अंगठ्याने घाण पुसून बघायचंच.

झिजलेली कानस कानस म्हणून घेऊ नका, पण तिचं पोलाद फार चांगलं असतं, एक टक्क्याच्या वर कार्बन, तिच्यापासून आखणीची सुरी किंवा खरवडायचं पातं सुंदर होतं. मात्र कानस ही कडक म्हणून ठिसूळ, तिच्यावर हातोडा मारायचा नाही की ती पहारीसारखी अडकवून काही उचकटायचं नाही, तुटते आणि कपचा डोळ्यात जातो. असंच छन्नीचं. छन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं बाहेर वळलेलं असतं, घरी आणल्यावर आधी ग्राइंडरवर ते फुललेलं सगळं काढून कडा मोडून घ्या आणि मगच ठोका. आमच्याकडे एका पोराच्या दंडात असाच तुकडा घुसला होता, गोळी लागल्यासारखा, तेव्हापासून मी फुललेली छन्नी कुणाच्या हातात दिसली की काढून घ्यायचो.

काही गोष्टी जुन्या घ्यायच्याच नाहीत, कितीही स्वस्त असल्या तरी. वापरलेलं ग्राइंडिंग व्हील घ्यायचं नाही कारण त्यातली बारीक चीर दिसत नाही आणि फिरताना ते फुटतं. चेन ब्लॉक म्हणजे जड वजन उचलायची साखळी-कप्पी, उंचावर कामाचा पट्टा, गॅसचा रेग्युलेटर, यातलं काही नाही. जिथे एखाद्याचा जीव त्या वस्तूवर लटकणार आहे तिथे पैसे वाचवू नका.

प्रश्न: गंज काढायला कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी डिझेल, कुणी थेट ॲसिड. तुम्ही काय वापरता? (सोलापूरहून)

ॲसिड मी घरात आणत नाही, विशेषतः संडास धुवायचं ते, त्याच्या वाफेने त्याच खोलीतली बाकीची चांगली हत्यारं रातोरात गंजतात. लहान वस्तूंना साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. लाकडी दांडा काढून वस्तू पूर्ण बुडवायची, अर्धी बाहेर ठेवली तर त्या रेघेवर खोल चरा पडतो. बारा तासांनी बघायचं, फार तर एक दिवस, विसरून चार दिवस ठेवलं तर गंजाबरोबर चांगलं लोखंडही खाल्लं जातं. काढलं की तारेच्या ब्रशने घासून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग धुवून लगेच कोरडं करायचं, लगेच म्हणजे खरोखर लगेच, आणि तेल. यातलं सोड्याचं पाणी बरेच जण गाळतात आणि मग दुसऱ्या दिवशी पिवळा गंज आला म्हणून व्हिनेगरला शिव्या देतात.

मोठ्या वस्तूला मी करंटने काढतो. प्लास्टिकची बादली, लिटरला एक टेबलचमचा धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. हत्याराला मायनस जोडायचं, प्लसला एखादा टाकाऊ लोखंडाचा तुकडा, दोघं एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज मऊ काळा गाळ होऊन सुटतो आणि खालचं लोखंड अजिबात खाल्लं जात नाही, हे मला सगळ्यात आवडतं. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. प्लसला स्टेनलेस स्टीलचा चमचा वगैरे लावायचा नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावर करायचं कारण हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको, आणि हात घालायच्या आधी चार्जर बंद.

डिझेल गंज काढत नाही, पण जाम झालेले आटे सोडवायला चांगलं. जाम व्हाइस दोन दिवस डिझेल पाजून ठेवा, अधूनमधून लाकडी हातोड्याने टकटक करा, घाई करून पाइप घालून पिळू नका. व्हाइसचं अंग बहुतेक वेळा बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, असतं आणि बीड वाकत नाही, थेट तडकतं, आणि एकदा तडकलं की साध्या वेल्डिंग रॉडने धरत नाही, निकेलचा रॉड किंवा पितळी ब्रेझिंग करायला लागतं आणि त्या खर्चात दुसरा व्हाइस येतो.

प्रश्न: लोहारकामाचा छंद लागलाय. ऐरण नवी फार महाग आहे. एक जण रेल्वेच्या रुळाचा दोन फुटी तुकडा देतो म्हणतोय, घेऊ का? (मिरजेहून)

घेऊ नका. रूळ ऐरण म्हणून चांगला चालतो हे खरं आहे, पोलाद कडक असतं, म्हणूनच सगळे मागे लागतात. पण 1966 चा रेल्वे मालमत्तेचा स्वतंत्र कायदा आहे आणि चोरीचा संशय यावा असा रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला तर तो सरळ मार्गाने आला हे तुम्ही सिद्ध करायचं असतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. रेल्वे भंगाराचा लिलाव करते, तिथून घेणाऱ्याकडे कागद असतो. तुमच्या त्या माणसाकडे कागद असेल तर त्याची प्रत घेऊन मग बोला, नसेल तर विषय संपला.

त्याऐवजी मोठ्या घणाचं डोकं शोधा, आठ-दहा किलोचं, बाभळीच्या ओंडक्यात अर्धं गाडून उभं करा. घणाचं तोंड कडक असतं आणि वजन बरोबर हाताखाली येतं. नाहीतर प्रेसच्या किंवा मोठ्या मशीनच्या शाफ्टचा तुकडा उभा गाडा. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात फाउंड्री आणि मशीनशॉपचं भंगार भरपूर निघतं, बिल मागितलं तर बिलही मिळतं. ऐरण लांबलचकच पाहिजे हा एक समज आहे, खरं तर घण खाली पडतो तिथे खाली वजन पाहिजे, बाजूला पसरलेलं लोखंड फार कामाला येत नाही.

हाच विचार बाकी मालालाही लावा. नवीकोरी वीजतार, गटारावरची झाकणं, सार्वजनिक नळाची पितळी तोटी, हे कुणी स्वस्तात देत असेल तर कुठून आलं ते तुम्हाला कळलेलंच असतं. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं 317 कलम लागतं, आणि शंका यायला कारण होतं तरीही घेतलं त्यालाही लागतं.

प्रश्न: व्हर्निअर आणि मायक्रोमीटर जुने घ्यावेत का? खरं माप दाखवतात की नाही हे बाजारात उभ्याउभ्या कसं तपासणार?

घ्यावेत, पण तपासून, आणि तपासायला एक अगदी सोपी युक्ती आहे. नवीन बेअरिंग विकत घ्या, चांगल्या कंपनीचं, 6202 नंबरचं. बाहेरचा व्यास 35 मिलिमीटर, आतला 15. बेअरिंगचे व्यास मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांभाळलेले असतात त्यामुळे खिशात मावणारं दोन मापांचं गेज तुमच्याकडे झालं. आधी जबडे स्वच्छ पुसून मिटवा, शून्य जुळतंय का बघा, उजेडासमोर धरा, मध्ये फट दिसली तर जबडे झिजलेत. मग बेअरिंगचे दोन्ही व्यास मोजा. शून्य जुळतं पण 35 ला चुकतं असा व्हर्निअर कधीतरी पडलेला असतो, तो मोजमापाला चालणार नाही.

विजेच्या हत्यारांबद्दल एक सांगून ठेवतो कारण हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी पत्रात खाली ड्रिलचंही विचारलंय. मुंबईत दारुखान्याला किंवा गुजरातेत जहाजं तोडतात त्या अलंगच्या बाजूने येणाऱ्या मालात जहाजावरची आणि परदेशी ड्रिल मशिनं असतात, दिसायला दणकट आणि खरंच दणकट, पण पाटी वाचा. 110 व्होल्ट लिहिलेलं असेल आणि आपल्या 230 च्या प्लगला लावलं तर आर्मेचर, म्हणजे मोटारीतला फिरणारा तारा गुंडाळलेला भाग, जळून जाईल. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतं, त्याची किंमत धरून मग भाव करा.

प्रश्न: आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या पोत्यात मला कधीकधी चांगला पाना, पक्कड दिसते. मागितली तर चालेल का, की ते बरं दिसत नाही? (पुणे)

मागू नका, विकत घ्या. यात संकोच करायचं कारण नाही पण हिशेब नीट समजून घ्या. पोत्यातला सुका माल हे त्यांचं उत्पन्न आहे. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, आज दारोदार कचरा घेणाऱ्या बऱ्याच ताई तिच्या सभासद आहेत, दर महिन्याला घरटी मिळणारे पैसे आणि वेचलेल्या मालाची विक्री या दोन्हींवर त्यांचं घर चालतं. पक्कड भंगारात गेली तर लोखंडाच्या किलोच्या भावाने जाईल, म्हणजे पाव किलोचे जे काय होतील ते. तुम्हाला ती पक्कड म्हणून हवी आहे तर पक्कड म्हणून किंमत द्या, निदान भंगाराच्या पाचपट तरी. आणि सांगून ठेवा की ताई असं काही आलं की मला दाखवत जा. माझी अशी ओळख एका मावशींशी होती, त्या पाना ओळखायला शिकल्या होत्या, नंबर वाचून बाजूला ठेवायच्या, माझ्याआधी गल्लीतल्या गॅरेजवाल्याला दाखवायच्या कारण तो जास्त द्यायचा, आणि ते अगदी बरोबर होतं.

आणि तुमच्याकडून एक करा, फुटलेली काच आणि जुनी ब्लेड कागदात गुंडाळून वर लाल पेनाने खूण करून द्या. पोत्यात हात त्यांचा जातो.

प्रश्न: मी आणि मित्र भंगाराचा छोटा धंदा सुरू करतोय. जुने फ्रिज, वायर, मोटारी घेऊन तांबं वेगळं करून विकायचं असा विचार आहे. वायर जाळणं सोपं पडतं असं सगळे सांगतात. (वाळूज)

पोरांनो, वायर जाळू नका, हे मी हात जोडून सांगतो. वरचं आवरण पीव्हीसीचं, त्यात क्लोरीन असतं, जाळलं की त्या धुरात डायऑक्सिनसारखी विषं येतात आणि ती वर्षानुवर्षं अंगात राहतात, तुमच्याही आणि शेजारच्या वस्तीतल्या लेकरांच्याही. शिवाय जळकं काळं तांबं कमी भावाने जातं. फळीवर दोन खिळ्यांमध्ये कटरचं पातं बसवून वायर ओढायची, जाड वायर भराभर सोलली जाते. बारीक वायर तशीच विका.

भंगारात खरी कमाई निवडण्यात आहे. मिक्स माल सगळ्यात कमी भावाने जातो. एक चांगला मॅग्नेट घ्या, तांबं, पितळ, ॲल्युमिनियमला चिकटत नाही, पितळेसारखं दिसणारं नुसतं मुलामा दिलेलं लोखंड चटकन पकडलं जातं. भांड्यांच्या स्टीललाही बहुतेक वेळा चिकटत नाही, ते वेगळं काढा. बीड वेगळं, पत्रा वेगळा, मोटारीतलं वाइंडिंग वेगळं. आणि वितळायला पाठवण्याआधी प्रत्येक गोणी एकदा जमिनीवर ओतून बघा, चालणारं बेअरिंग, पुली, गिअर, स्पॅनर हे वजनावर घालवायचं नसतं, त्याचा गिऱ्हाईक वेगळा असतो. यंत्रमागाच्या गावांमध्ये जुने माग किलोवर जाताना मी बघितलेत, त्यातली दातेरी चाकं नि शाफ्ट शोधत दुसऱ्या गावाहून माणसं यायची, आणि तोवर ते भट्टीत गेलेलं असायचं. फार वाईट वाटायचं.

आता धोक्याचं. बंद ड्रम किंवा टाकी गॅस कटरने कधीच कापायची नाही, आत काय होतं माहीत नसतं, रिकाम्या टाकीतली उरलेली वाफच फुटते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची नळी अशीच तोडू नका, आधी गॅस काढून घेणारा मेकॅनिक बोलवा. ट्यूबलाइट फोडू नका, पारा असतो. गाडीच्या बॅटऱ्या उघडू नका, शिसं आणि ॲसिड दोन्ही, त्या अख्ख्याच बॅटरीवाल्याकडे परत जातात आणि 2022 च्या नियमांनी त्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे.

आणि कधी जाड शिशाच्या आवरणातलं जड भांडं, किंवा पिवळ्यावर तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण असलेलं काही आलं तर हात लावू नका, लांब व्हा, पोलिसांना फोन करा. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र लिलावातून आलं, आत कोबाल्ट-60 होतं, कामगारांनी ते नेहमीच्या मालासारखं तोडलं. एक जण गेला, बाकीचे महिनोन् महिने भोगत राहिले. ती माणसं अडाणी नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगतोय.

प्रश्न: कोयता कमानपाट्याचाच का करतात? (नारायणगाव)

ट्रकच्या कमानपाट्यात, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीत, साधारण 0.6 टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, धार धरण्याइतका कडक आणि उसावर आपटून न तुटण्याइतका चिवट. मात्र मोडलेला पाटा घेऊ नका, जिथे तुटला त्याच्या आसपास बारीक चिरा असतात आणि कोयता तिथूनच जातो. गॅरेजवाला बदललेला अख्खा पाटा देतो तो घ्या, लोहाराला मधला भाग वापरायला सांगा.

प्रश्न: वडील गेले, ते फिटर होते. माळ्यावर त्यांची लाकडी पेटी आहे, पाने, कानशी, एक हातकरवत, काही ओळखताही येत नाही. घर विकायचंय. भंगारवाला सगळ्याचे मिळून तीनशे देतो म्हणाला. देववत नाही आणि ठेवायला जागाही नाही. (ठाण्याहून एक ताई)

ताई, घाई करू नका. पेटी खाली उतरवा आणि एक दुपार तिच्याबरोबर बसा. सगळं जुन्या चादरीवर मांडा. बऱ्याच फिटरांनी हत्यारावर आपली अक्षरं किंवा टिंबं पंचने मारलेली असतात, कारखान्यात चोरी व्हायची म्हणून. वडिलांची खूण सापडली तर ती एक वस्तू तुमच्यासाठी बाजूला ठेवा, छोटीच असू दे, गुण्या किंवा पंच, खिडकीत मावेल अशी. गुण्या म्हणजे काटकोनातली पट्टी, पंच म्हणजे पेनाएवढी टोकदार सळई.

बाकीचं ज्याच्या हाताला लागेल त्याला द्या. जवळच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या शिक्षकांना विचारा, पहिल्या वर्षाच्या पोरांना स्वतःची कानस आणि गुण्या असणं म्हणजे काय ते मला आठवतं, मी दीड वर्ष दुसऱ्याची मागून काम केलं होतं. नाहीतर ओळखीचा मशीनशॉपवाला बोलवून दाखवा, व्हर्निअर, मायक्रोमीटर, रीमर, टॅप-डाय (भोक नेमक्या मापाचं करायची आणि आटे पाडायची हत्यारं) यांची किंमत वेगळी होते, ती लोखंडाच्या वजनात जाऊ देऊ नका. उरलेलं खरोखर भंगार असेल तर द्या भंगारात, त्यात वडिलांचा अपमान नाही, ते वितळून परत लोखंडच होतं आणि त्यांना हे माहीत होतं.

पेटी कुणाला द्यायची ते ठरेपर्यंत एवढं करा. कानशी एकमेकींवर ठेवू नका, दाते बोथटतात, प्रत्येक वेगळी कागदात गुंडाळा. करवतीला शिलाई मशीनचं तेल लावा. आणि पेटी थेट फरशीवर ठेवू नका, खाली दोन विटा ठेवा, पावसाळा जवळ आलाय.